मानाची कॅसेट

साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालणारी बाई अख्ख्या भवानीनगरात एकच होती. शाळेतली पोरं पीटीच्या तासाला घालतात तसले बूट, वर सुती साडी, पदर कमरेला असा घट्ट खोचलेला की वारा सुटला तरी हलायचा नाही, आणि खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा. एसटी स्टँडवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. कुंदाताईंना ते दिसायचं. त्या थांबून म्हणायच्या, हसा हो, पण रस्ता खडीचा आहे आणि कॅमेरा जड आहे, मी पडले तर उचलायला तुम्हालाच यावं लागेल. मग त्या बाया आणखीच हसायच्या, आणि पुढच्या वेळेला ताईंसाठी एसटीत जागा धरून ठेवायच्या.

ताई साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायच्या. त्यांचे मिस्टर कारखान्यात केमिस्ट होते. त्यांना सगळी कॉलनी साहेब म्हणायची आणि ताईही साहेबच म्हणायच्या, फक्त जरा चिडवल्यासारखं. ताई मूळच्या पुण्याच्या. तिथं शाळेतल्या मुलांसाठी फिल्म बनवणाऱ्या एका ऑफिसात त्यांनी बरीच वर्षं नोकरी केली, आणि मुलं मार्गी लागल्यावर सगळं आवरून त्या साहेबांपाशी राहायला आल्या. कॉलनीतल्या बायका दुपारी पापड लाटायच्या, भिशी लावायच्या. ताईंनीही काही दिवस पापड लाटून बघितले. त्यांचा एकही पापड कधी गोल झाला नाही, असं साहेब येईल त्याला सांगायचे.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. गावात कलर टीव्ही मोजकेच होते, लग्नाचं व्हिडिओ शूटिंग नुकतं कुठं सुरू झालं होतं, आणि नवरा-नवरीच्या भोवती बदामाचा आकार फिरवणारा शूटिंगवाला म्हणजे आम्हाला फार मोठा कलाकार वाटायचा. आमची एक संस्था होती. महिला मंडळं, साक्षरतेचे वर्ग, तरुणांची शिबिरं असलं काम बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या खेड्यांत चालायचं, आणि ते करणारे आम्ही आठ-दहा पोरंपोरी 'युवा कार्यकर्ते' म्हणून ओळखले जायचो. नाव मोठं, काम उन्हातान्हात सायकल हाणायचं. मी सांगवीची, शोभा. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, मी बीए झालेली, आणि तोंडाला कधी कुलूप नाही.

संस्थेला कुणा देणगीदारांनी एक कॅमेरा, दोन व्हीसीआर आणि एक टीव्ही दिला होता. गावातल्या लोकांनी आपलं गाऱ्हाणं आपणच चित्रातून सांगावं, अशी त्यामागची कल्पना. आमचे अध्यक्ष भगवानतात्या यांनी त्याचं रीतसर उद्घाटन केलं, नारळ फोडला, कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहिलं, तो कपाटात ठेवला आणि किल्ली कनवटीला लावली. दसऱ्याला तो बाहेर यायचा, झेंडूची माळ घालून घ्यायचा आणि परत आत जायचा. हात कुणी लावायचा नाही. मोडला म्हणजे?

हे कुंदाताईंच्या कानावर गेलं आणि त्या तडक ऑफिसात आल्या. तात्यांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, कॅमेरा वापरून खराब होत नाही हो तात्या, ठेवून होतो, आतल्या काचेला बुरशी धरते. तात्या द्राक्षबागायतदार. बुरशी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. कनवटीची किल्ली त्या दिवशी निघाली ती निघाली.

ताईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला सतरंजीवर बसवून सांगितलं की साहेबांना रिटायर व्हायला तीन वर्षं आहेत. त्यानंतर क्वार्टर सोडायचं आणि पुण्याला मुलाकडे जायचं. तोवर तुमच्यातलं कुणी तरी मला असं तयार करायचंय, जे माझ्यानंतर दुसऱ्यांना हे शिकवेल. कॅमेरा चालवणारे दहा मिळतील, मला शिकवणारं एक माणूस हवंय. ते नाही मिळालं तर मी गेले की हा कॅमेरा परत झेंडूच्या माळेत जाणार. हे बोलताना त्या हसत होत्या, पण त्यांचा जीव त्यात किती अडकलाय ते पुढच्या तीन वर्षांत आम्ही रोज बघितलं.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा सगळीच न्यारी. कॅमेऱ्यावर झूमचं एक बटण असतं, दाबलं की लांबचं जवळ दिसतं. आमची बोटं सारखी तिकडंच. ताईंनी त्या बटणावर जखमेला लावतात ती चिकटपट्टी चिकटवून टाकली. जवळून बघायचंय ना, मग चालत जा, पाय कशाला दिलेत? महिनाभर ती पट्टी निघाली नाही. दत्ता म्हणून इंदापूरचा एक पोरगा होता, तालमीतला, अंगानं दांडगा. त्यानं एकदा गुपचूप पट्टी काढून झूम मारला. ताईंनी कॅसेट बघितली आणि म्हणाल्या, "दत्तासाहेब, आपण फार थकलेले दिसता. आज आपण विश्रांती घ्यावी." त्या सगळ्यांनाच अहो-जाहो करायच्या, पोरासोरांनासुद्धा, पण राग आला की ते अहो-जाहो एकदम वरच्या मजल्यावर जायचं. नेहमीचं 'दत्ताराव' सोडून 'दत्तासाहेब' ऐकलं की समजायचं, आज खैर नाही.

त्यांनी कुणाला 'छान' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. काम आवडलं की त्या चहा मागायच्या. "चला, चहा सांगा," असं म्हणाल्या की आम्ही एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसायचो. नाही आवडलं की कॅसेटच्या रिकाम्या डबीतून खारे दाणे काढून एकेक तोंडात टाकत गप्प बसायच्या. ते दाणे चावण्याचे आवाज मला अजून आठवतात. बाई गं, त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

मंदा आमच्यातली सगळ्यात अबोल. निरवांगीच्या एका वस्तीवरची. तिच्या आज्याच्या वेळेला घरात मेंढरांचा मोठा कळप होता, आता ऊस आणि दोन म्हशी. ती बारावी होऊन संस्थेत आलेली. चार माणसांत बसली की पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायची. काही विचारलं की 'व्हय' नाहीतर 'न्हाय', तिसरा शब्द नाही. ताईंनी आम्हाला एक काम दिलं होतं, तोंड न दाखवता माणूस दाखवायचा. मी आमच्या शेजारणीचा आवाज घेतला आणि वर स्वतःचंच भरपूर बोलून ठेवलं. दत्तानं एका पैलवानाची पाठ काढली. मंदानं तिच्या आज्याचे, आबांचे, हात काढले. मेंढरं केव्हाच विकली, तरी आबा दुपारी ओसरीवर बसून चातीवर लोकर कातायचे, कुठून कुठून मागून आणलेली. मधेच एका हातानं शेजारी काही तरी चाचपायचे, जसं काही तिथं कोकरू बसलंय. तिथं काही नव्हतं. तो हात परत चातीवर यायचा. एवढंच. कुणी काही बोलत नाही, वाजत नाही.

टीव्ही बंद झाला. ताई म्हणाल्या, चला, चहा सांगा. आणि त्या दिवशी दोनदा चहा झाला. तेव्हापासून ताईंच्या मनात मंदाच बसली, हे कळायला काही शहाणपण लागत नव्हतं. बाकी सगळ्यांना मात्र वाटत होतं की पुढं शिकवायला मीच. मलाही वाटत होतं, खोटं कशाला बोलू. एकदा मी सरळ विचारलंच. ताई म्हणाल्या, "शोभाबाई, तुम्ही उत्तर फार लवकर देता हो. शिकणाऱ्याला प्रश्न पडायच्या आधी तुमचं उत्तर तयार." राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. पण घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, काय चुकीचं बोलल्या त्या? मग राग गेला.

आता ती निरवांगीची गोष्ट सांगते, कारण ताईंची खरी पद्धत तिथं जन्माला आली.

मंदाच्या वस्तीला एकच हापसा होता, आणि तोही असा की दहा-पंधरा मिनिटं हापसल्याशिवाय धार यायची नाही. दुसरा हापसा मिळावा म्हणून त्याची फिल्म करायची ठरली. आम्ही शहाणे, आदल्या दिवशी वस्तीवर निरोप देऊन आलो की उद्या सकाळी शूटिंग आहे. सकाळी जाऊन बघतो तर काय! सगळ्या बाया लग्नातल्या साड्या नेसून रांगेत उभ्या. नथी, गजरे, पोरांच्या तोंडाला पावडर. हंडे चिंचेनं घासून असे लखलखीत केलेले की डोळे दिपावेत. हापशाला हार घातलेला. शेजारी खुर्ची टाकून सरपंच बसलेले, आणि आमच्याबरोबर आलेल्या तात्यांना फेटा बांधायची तयारी. एका म्हातारीनं शिऱ्याची कढई चढवलेली. आणि हापसायला मात्र कुणी तयार नाही, कारण साडी भिजेल.

दत्ता कपाळावर हात मारून म्हणाला, आता कसली फिल्म, चला माघारी. मलाही तेच वाटलं. अहो, पाण्याचा त्रास दाखवायचा आणि इथं तर लगीनघर. पण ताई बघत राहिल्या. त्यांना त्या बायांचा राग आला नाही, उलट त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्या म्हणाल्या, असंच काढा. एकेकीचं नाव विचारून, सावकाश, पदर नीट करायला वेळ देऊन. सरपंचांचंही काढा, तात्यांच्या फेट्याचंही काढा. शिऱ्याचंसुद्धा काढा.

पूर्ण कॅसेट भरली. संध्याकाळी टेम्पोत टीव्ही घालून नेला आणि वस्तीवरच्या देवळाच्या ओट्यावर ती सगळ्यांना दाखवली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला टीव्हीत बघत होत्या त्या बाया. आधी लाजल्या, मग एकमेकींना ढोसायला लागल्या, मग हसून हसून पुरेवाट. एकीची सासू म्हणाली, आमची सून बरी दिसती की टीव्हीत, आणि ती सून पुढचा महिनाभर हवेत होती असं मंदानं नंतर मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी निरोप न देता गेलो. कुणी नटलेलं नव्हतं. रोजच्या साड्या, रोजची रांग. सरूकाकी म्हणून पन्नाशीची बाई हापशावर होती. मंदानं कॅमेरा खांद्यावर घेतला तसं तिनं हापसणं न थांबवता एक हात मोकळा केला आणि पुढं धरला. "काल आमचं नटूनथटून झालं," ती म्हणाली. "आता ह्ये बगा, हाताला घट्टे पडल्यात. ह्ये काढ, मंदे."

ताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड असा धरला की वळ उठले.

तेव्हापासून तो नियम झाला. कुठल्याही गावात गेलं की पहिली कॅसेट लोकांची. त्यांना जसं दिसावं वाटतं तसं आधी काढायचं, त्यांना दाखवायचं आणि ती कॅसेट गावातच ठेवून यायचं. तिला ताईंनी नाव दिलं, मानाची कॅसेट. त्या म्हणायच्या की माणसाचा मान राखला की मग तो आपणहून हात पुढं करतो. मान न राखता त्याचे घट्टे काढायला जाल तर ती चोरी आहे. सांगवीला आमच्या घरी आल्या तेव्हाही त्यांनी हाच नियम लावला. बाबा डेपोतून आले, पांढरी पॅन्ट-शर्ट घालून भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली ताठ उभे राहिले आणि म्हणाले, बाई, तसबीर वरून कापू नका. ताई खाटेवर चढून उभ्या राहिल्या, पण तसबीर पूर्ण घेतली. बाबांना त्या दिवसापासून ताईंचं फार कौतुक. संस्थेचं काम सोड म्हणून ते मला परत कधी बोलले नाहीत.

फिल्म जुळवायची म्हणजे तेव्हा मोठी कसरत असायची. दोन व्हीसीआर जोडायचे, एकात काढलेली कॅसेट, दुसऱ्यात कोरी, आणि हवं ते चित्र आलं की दोन्हीकडची बटणं एकदम दाबायची. बोट जरा मागंपुढं झालं की सगळं पहिल्यापासून. त्यात वीज कधी जाईल सांगता येत नसे. ते जुळवून झालं की ताई साहेबांना बोलवायच्या. साहेब कामावरून यायचे, अंगाला मळीचा वास, बूट काढून खुर्चीत बसायचे. बिचारे इतके दमलेले असायचे की कुठं ना कुठं त्यांचा डोळा लागायचाच. ताई फिल्म बघतच नसत. त्या साहेबांकडे बघत बसायच्या. मान पडली की लगेच म्हणायच्या, थांबवा, साहेब कुठं झोपले ते लिहून घ्या. आणि तो भाग आम्हाला परत जुळवायला लागायचा. दत्ता तर साहेबांना आधी चहा पाजून बसवायला लागला होता. पण निरवांगीची फिल्म लावली तेव्हा साहेब शेवटपर्यंत जागे राहिले. संपल्यावर म्हणाले, त्या बाईच्या हाताला काहीतरी मलम द्या हो कुणी.

एव्हाना तीन वर्षं सरत आली होती. गळीत हंगाम संपला की साहेब रिटायर होणार हे नक्की झालं होतं, आणि ताईंनी तात्यांपुढं मंदाचं नाव ठेवलं. कमिटीत कुरबुर सुरू झाली. पोरगी बारावी, ग्रॅज्युएट नाही. बिनलग्नाची, गावोगाव फिरणार कशी. आणि सगळ्यात मोठी अडचण तात्यांनी बोलून दाखवली की जी पोरगी बोलतच नाही ती शिकवणार काय? ताई एवढंच म्हणाल्या की आधी मंदाबाईंची निरवांगीची फिल्म बघा, कमिटीनं ती अजून बघितलेलीच नव्हती.

फिल्म बघायला कमिटीची पाच-सहा माणसं जमली. रिटायर झालेले एक हेडमास्तर गुरुजी, दोन-तीन बागायतदार आणि मध्ये तात्या. फिल्म झाली. मग तात्यांनी घसा साफ केला. "चांगली हाय," ते म्हणाले. "पर आमचा सत्कार कुठं गेला? फेटा बांदला त्यो? त्यो मोहरं लावा की, सुरवातीला."

बाकीच्यांनी माना हलवल्या. अध्यक्षांचा सत्कार फिल्मच्या सुरुवातीला नाही, हे त्यांनाही बरं वाटलं नव्हतं. मी सवयीनं तोंड उघडलं, तर ताईंनी खालून माझ्या पायावर बूट ठेवला आणि चांगला दाबला. स्वतः दाण्याची डबी उघडली. खोलीत फक्त दाणे चावल्याचा आवाज. मंदा भिंतीला टेकून उभी होती, अंगठ्याकडे बघत.

मग ती पुढं आली. व्हीसीआर मागं फिरवला, फिल्म सुरुवातीवर आणली आणि तात्यांच्या खुर्चीपाशी जाऊन रिमोट त्यांच्या हातात दिला.

"तात्या, ह्ये थांबवायचं बटन हाय," ती म्हणाली. शब्द सुटे सुटे येत होते. "आता परत लावती. तुमाला जितं फेटा बसंल वाटतंय, तितं तुमीच दाबा. तितं लावती मी."

फिल्म परत सुरू झाली. तात्या बोट बटणावर ठेवून पुढं सरकून बसले. रांग आली, त्यांचं बोट हललं, पण दाबलं नाही. सरूकाकी आली. तिचा मोकळा हात पुढं आला. तात्या बघतच राहिले. हापशाचा करकर आवाज, आणि धार काही येत नाही. शेवटी धार आली, हंडा भरला, फिल्म संपली. तात्यांचं बोट होतं तिथंच.

"कुटंच बसत न्हाय की गं," ते म्हणाले.

"न्हाय बसत," मंदा म्हणाली. "पयला फेटा बगितला तर मानूस फेटाच बगत ऱ्हातो, तात्या. काकीचा हात दिसत न्हाय त्याला." आणि पिशवीतून दुसरी कॅसेट काढून तिनं त्यांच्या हातात दिली. त्यांचा सत्कार, फेटा, नारळ, सरपंचांची खुर्ची सगळं तिच्यात होतं. ही तुमच्या मानाची, घरी नेऊन माईंना दाखवा, असं तिनं सांगितलं. माई म्हणजे तात्यांच्या मिसेस. तात्यांनी ती कॅसेट दोन्ही हातांनी घेतली. मग गुरुजींनी दोन प्रश्न विचारले, गाणं का नाही घातलं आणि बोलणारा माणूस का नाही. मंदानं दोन्हींची उत्तरं दिली. ती उत्तरं मला आता आठवत नाहीत, पण ती देताना ती अंगठ्याकडे बघत नव्हती हे आठवतं.

ताईंनी डबी बंद केली आणि चहा सांगितला. म्हणाल्या, तात्या, तुम्हालाच शिकवलं की मंदाबाईंनी, आता आणखी काय बघायचंय? तात्या हसले, पण माणूस सावध. एक महिना नवी बॅच तिच्या हाती देऊन बघू, जमलं तर कायम, नाहीतर दुसरी सोय करू, असं ठरलं.

आणि तिथंच घोडं अडलं. कमिटीपुढं बोलणं निराळं होतं, ती तिची फिल्म होती, तिची काकी होती. वर्गात पोरांना गप्प बसवणं निराळं. नव्या बॅचमध्ये तरुण मंडळांची चार-पाच दांडगी पोरं होती. मागं बसून कुजबुजायची, खिदळायची. मंदा फळ्याकडे तोंड करून शिकवायची, आवाज बारीक बारीक होत जायचा. तात्या येता-जाता दारातून बघून जायचे आणि काही बोलायचे नाहीत, ते जास्त वाईट. ताई मुद्दाम वर्गाकडे फिरकत नसत. मी असले तर मंदाबाई माझ्या तोंडाकडे बघत राहतील, असं म्हणायच्या. कॉलनीत सामान बांधायचं काम चाललं होतं. मी संध्याकाळी गेले की भांड्यांना वर्तमानपत्र गुंडाळता गुंडाळता विचारायच्या, "बोलल्या का मंदाबाई पोरांना?" मी नाही म्हणायची. ताई पुढचं भांडं घ्यायच्या. एवढी धीराची बाई, पण त्या दिवसांत मी त्यांना एकच पातेलं तीनदा बांधून सोडताना बघितलं. मला फार वाईट वाटायचं.

जायचा दिवस आला. टेम्पो भरून दारात उभा, साहेब ड्रायव्हरशेजारी बसलेले. ताई त्यांना 'पाच मिनिटं' म्हणाल्या आणि मंदाचा वर्ग चालायचा त्या संस्थेच्या हॉलकडे आल्या. मी मागं सतरंजीवर बसले होते. त्या येऊन माझ्याशेजारी, त्या दांडग्या पोरांच्या मागं बसल्या. नवी पोरं त्यांना ओळखत नव्हती. मंदानं बघितलं, पण शिकवणं थांबवलं नाही. एखाद्या माणसाकडे कॅमेरा घेऊन जाण्याआधी त्याच्याजवळ बसायचं कसं, ते ती सांगत होती. पोरं नेहमीसारखी कुजबुजत होती. त्यातल्या एकाच्या मांडीवर कॅमेरा होता, आणि त्यानं तो उलटा धरला होता. ताईंना राहवेना. त्या पुढं झुकून त्याच्या कानात सांगायला लागल्या, मग शेजारचा विचारायला लागला, मग तिसरा, आणि बघता बघता मागं निराळाच वर्ग सुरू झाला. हे ताईंनी सवयीनं केलं की मुद्दाम, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मंदा थांबली. खडू खाली ठेवला.

"मागं जे कोन बोलत्यात," ती म्हणाली, "त्यांनी एकतर हितं यून सगळ्यांना सांगावं, न्हायतर गप बसावं. दोन वर्ग चालायचे न्हाईत हितं."

आवाज मोठा नव्हता, पण अख्ख्या हॉलमध्ये पोचला. सगळ्या माना मागं वळल्या. पोरं बघतात तर एवढी मोठी पांढऱ्या केसांची बाई कान पकडलेल्या पोरासारखी मान खाली घालून बसलेली. ताईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, "चुकलं, बाई." मंदानं मान हलवली. मग तिची नजर त्या दांडग्या पोरांवर गेली, आणि त्यांनी आपोआप मांड्या घालून पाठ सरळ केली. ती परत फळ्याकडे वळली आणि जिथं थांबली होती तिथून पुढं सुरू झाली. पुढचा सगळा वेळ मागून हूं की चूं नाही.

टेम्पोचा हॉर्न वाजला. ताई उठल्या, उभ्या राहून त्यांनी जायची परवानगी मागितली आणि मंदानं ती दिली, नुसतीच मान हलवून. तिचे डोळे मला दिसत होते. मी ताईंबरोबर बाहेर आले. ताईंच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू. त्यांनी माझा हात धरला.

"शोभाबाई," त्या म्हणाल्या, "मला गप्प बसवलं हो त्यांनी."

टेम्पोपर्यंत जाता जाता त्या हेच आणखी दोनदा म्हणाल्या. साहेबांनी आतून दार उघडलं, उशीर झाला म्हणून काही तरी कुरकुरले, आणि ताई वर चढता चढता त्यांनाही पहिलं तेच सांगायला लागल्या.